ऑफसाइड : रेषा नेमकी आखतो कोण?

सीमारेषा (धागाकर्ता)

वर्षानुवर्षे फुटबॉल पाहणारा माणूस पहिल्यांदा रग्बीचा सामना पाहायला बसतो, तेव्हा ऑफसाइडची शिट्टी वाजताच त्याची नजर सवयीने बचावफळीतल्या शेवटच्या खेळाडूकडे जाते आणि तिथे त्याला काहीच सापडत नाही. आइस हॉकीत तो पास कुणी कुणाला दिला याचा माग काढत बसतो. पंच मात्र बर्फावरच्या निळ्या रेषेपलीकडे आधी कोण गेले, चकती की खेळाडू, एवढेच पाहत असतो. यातला बराचसा गोंधळ नियम अवघड असल्यामुळे होत नाही, एका खेळातली रेषा दुसऱ्या खेळात शोधल्यामुळे होतो, असे माझे मत आहे. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

हेतू बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. चेंडूच्या पुढे जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ नुसते उभे राहणाऱ्याला आयता फायदा मिळू नये, एवढेच या नियमांना साधायचे असते. पण ‘पुढे’ म्हणजे कशाच्या पुढे, हे प्रत्येक खेळाने आपापल्या परीने ठरवले. रग्बीत ही रेषा चेंडू ठरवतो, आइस हॉकीत ती रंगाने आखलेली असते, अमेरिकन फुटबॉलमध्ये ती चेंडू खेळात येण्याच्या एका क्षणापुरतीच महत्त्वाची असते आणि फुटबॉलमध्ये ती प्रतिस्पर्धी संघ स्वतःच्या धावण्याने दर क्षणाला नव्याने आखत असतो. ही शेवटची गोष्ट विचित्र आहे, आणि फुटबॉलच्या नियमावर सर्वाधिक भांडणे का होतात याचे उत्तरही मला तिथेच दिसते.

सुरुवातीला फुटबॉलचा नियमही रग्बीसारखाच होता. १८६३ च्या पहिल्या नियमावलीत चेंडूच्या पुढे असलेला खेळाडू सरळ खेळाबाहेर धरला जाई. १८६६ मध्ये त्यात सवलत आली : पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये किमान तीन प्रतिस्पर्धी असतील तर तो खेळू शके. १९०७ मध्ये स्वतःच्या अर्ध्या मैदानात उभे राहणाऱ्याची या नियमातून सुटका झाली. १९२५ मध्ये तीनाचे दोन झाले आणि १९९० पासून मागून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीने उभा असलेला खेळाडूही निर्दोष ठरू लागला. या सगळ्या बदलांची दिशा आक्रमकाच्या बाजूने झुकणारी आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यांतला १९२५ चा बदल सर्वांत मोठा. तीन खेळाडूंच्या नियमात एकच बचावपटू पुढे सरकला तरी समोरची अख्खी आघाडी ऑफसाइडमध्ये अडकत असे. न्यूकॅसल युनायटेडचा बिल मॅक्रॅकन या डावपेचासाठी इतका प्रसिद्ध झाला की नियम बदलण्यामागे त्याचाही वाटा मानला जातो. बदलानंतर इंग्लंडमध्ये पहिल्या श्रेणीतल्या गोलांची संख्या एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेली. त्यावर उतारा म्हणून मधल्या फळीतला एक खेळाडू मागे ओढून बचावाच्या मध्यभागी उभा करण्याची पद्धत रुळली आणि आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी त्याभोवती संपूर्ण रचनाच बांधली. एका आकड्याच्या फरकाने खेळाचा नकाशा बदलला, असे म्हणणे इथे अतिशयोक्तीचे होणार नाही.

रग्बी आणि आइस हॉकीविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.


प्रश्नचिन्ह

धागा आवडला. माझ्या शंका आधी फुटबॉलच्याच आहेत, कारण तिथेच मी अडकतो. समालोचक सतत ‘शेवटचा बचावपटू’ म्हणतात, आपण मात्र मागून दुसरा म्हणता. गोलरक्षक त्यात मोजायचा की नाही? बचावपटू मैदानाबाहेर पडलेला असेल तर त्याचे काय? आणि २०२३ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या दोन संघांमधल्या सामन्यात रॅशफर्ड ऑफसाइड असताना चेंडूबरोबर बरेच अंतर धावला, तरीही त्याचा सहकारी ब्रुनो फर्नांडिस याचा गोल ग्राह्य कसा धरला गेला, हे मला आजपर्यंत कुणीही पटेल असे समजावलेले नाही.


शिट्टी

तिन्ही शंका रास्त आहेत. मी स्वतः सहायक पंच म्हणून झेंडा घेऊन उभा राहिलेलो असल्यामुळे त्या बाजूने लिहितो.

गोलरक्षकाला नियमात वेगळे स्थान नाही. तोही एक प्रतिस्पर्धीच आहे. बहुतेक वेळा तो सर्वांत मागे असतो, म्हणून त्याच्या पुढचा बचावपटू आपोआप मागून दुसरा ठरतो आणि समालोचकांचे ‘शेवटचा बचावपटू’ चालून जाते. गोलरक्षक पुढे आला की ते कोलमडते. २०१० च्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात मेक्सिकोच्या कार्लोस वेलाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चेंडू जाळ्यात मारला, तेव्हा गोलरेषेजवळ एक बचावपटू उभा होता आणि गोलरक्षक त्याच्या बराच पुढे आलेला होता. वेलाच्या आणि गोलरेषेच्या मध्ये एकच प्रतिस्पर्धी होता, त्यामुळे गोल नाकारला गेला. प्रेक्षकांना तो अन्याय वाटला, पण निर्णय अगदी बरोबर होता.

मैदानाबाहेर गेलेल्या बचावपटूचे उदाहरण २००८ च्या युरो स्पर्धेतले आहे. इटलीचा पानुची स्वतःच्याच गोलरक्षकाशी टक्कर होऊन गोलरेषेबाहेर पडला होता आणि नेदरलँड्सच्या व्हान निस्टलरॉयने गोल केला. पानुची गोलरेषेवरच आहे असे मानून गोल ग्राह्य धरण्यात आला. तसे मानले नाही, तर कोणताही बचावपटू रेषेबाहेर एक पाऊल टाकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये ढकलू शकेल.

आता रॅशफर्ड. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : ऑफसाइड जागी असणे आणि ऑफसाइडचा गुन्हा करणे. नुसते त्या जागी असणे हा गुन्हा नाही. सहकाऱ्याने चेंडू खेळला त्या क्षणी आपण त्या जागी असलो आणि नंतर चेंडूला स्पर्श केला, गोलरक्षकाची नजर अडवली, चेंडूसाठी प्रतिस्पर्ध्याशी झटापट केली, किंवा एखाद्या उघड कृतीने त्याच्या चेंडू खेळण्याच्या क्षमतेवर परिणाम केला, तरच शिट्टी वाजते. खांबाला किंवा गोलरक्षकाला लागून परत आलेला चेंडू खेळला, तर तोही आयता फायदाच. रॅशफर्डने चेंडूला पाय लावला नाही. आपल्या धावण्याने त्याने कुणाला अडवले नाही, असा निष्कर्ष पंचांनी काढला. मला तो निर्णय आजही पटत नाही. त्याच्या धावण्यामुळे बचावपटू आणि गोलरक्षक दोघांनीही आपापला पवित्रा ठरवला, हे पडद्यावर स्पष्ट दिसत होते. पण नियमाच्या शब्दांत तो निर्णय बसवता येतो, आणि अडचण नेमकी तीच आहे : जागा मोजता येते, परिणाम मोजता येत नाही.

याचीच दुसरी बाजू २०२१ च्या नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात दिसली. स्पेनच्या एरिक गार्सियाने पास अडवण्यासाठी पाय घातला, चेंडू त्याला निसटता लागला आणि मागे ऑफसाइड जागी असलेल्या एम्बापेकडे गेला. बचावपटूने चेंडू जाणीवपूर्वक खेळला, म्हणून आक्रमकाचा दोष पुसला गेला आणि फ्रान्सचा विजयी गोल ग्राह्य ठरला. म्हणजे गार्सियाने प्रयत्नच केला नसता तर गोल नाकारला गेला असता. पुढच्या वर्षी नियमकर्त्यांनी स्पष्टीकरण दिले, त्यानुसार बचावपटूचा चेंडूवर ताबा असण्याची शक्यता होती का, हे पाहिले जाते : चेंडू त्याला लांबून येताना दिसत होता का, वेग किती होता, शरीर सावरायला वेळ होता का. ताणून घातलेल्या पायाला लागलेला चेंडू आता सहसा ‘जाणीवपूर्वक खेळलेला’ धरला जात नाही.


प्रश्नचिन्ह

आभार. पानुचीचा खुलासा विशेष आवडला. एक पुरवणी शंका : सहायक पंचांच्या चुका पूर्वी इतक्या का होत असत? रेषेवर उभे राहून रेषाच पाहायची असते ना?


शिट्टी

दोन गोष्टी एकाच वेळी पाहायच्या असतात, आणि त्या एका जागी नसतात. पास देणारा कधी तीस-चाळीस मीटर मागे असतो, आणि चेंडूला पाय लागण्याच्या क्षणी नजर मात्र पुढच्या रेषेवर असावी लागते. अनुभवी सहायक पंच म्हणूनच कानावर बरेच अवलंबून असतात. पाय लागल्याचा आवाज ऐकायचा आणि डोळे रेषेवरच ठेवायचे. भरलेल्या मैदानात तो आवाजही पोहोचत नाही.

दुसरे कारण उभे राहण्याच्या जागेचे आहे. सहायक पंच बचावाच्या रेषेपेक्षा एक मीटर जरी गोलरेषेच्या बाजूला सरकलेला असला, तर त्याची नजर तिरकी जाते आणि मैदानाच्या पलीकडच्या अंगाला बचावपटूच्या अगदी बरोबरीने असलेला आक्रमक त्याला पुढे गेल्यासारखा दिसतो. तोच आक्रमक अलीकडच्या अंगाला असता, तर खरोखर थोडा पुढे असूनही मागे दिसला असता. बचावफळी एकदम पुढे धावली की तिच्या बरोबरीने राहण्यासाठी सहायक पंचाला आडव्या पावलांनी सरकावे लागते, आणि नेमका त्याच वेळी पास दिला जातो. घरी बसून पाहणाऱ्याला कॅमेऱ्याचा कोन मिळतो, त्याला मिळत नाही.


स्क्रमहाफ

रग्बीची बाजू मांडतो. इथे पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनचाच विचार केला आहे.

मूळ तत्त्व एका वाक्यात सांगता येते : आपल्या ज्या सहकाऱ्याकडे चेंडू आहे, किंवा ज्याने तो शेवटचा खेळला, त्याच्या पुढे आपण असलो तर आपण ऑफसाइड. चेंडू हाताने पुढे फेकताच येत नसल्यामुळे पासच्या वेळी हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तो उद्भवतो लाथ मारून चेंडू पुढे धाडला जातो तेव्हा. त्या क्षणी पुढे असलेल्यांनी खेळात भाग घ्यायचा नाही, चेंडूच्या दिशेने सरकायचे नाही, आणि चेंडू जिथे पडणार त्याच्या दहा मीटरच्या आत असल्यास लगेच मागे हटायचे. लाथ मारणारा स्वतः धावत त्यांच्या पुढे गेला की ते पुन्हा खेळात येतात. म्हणजे फुटबॉलमध्ये दोष एका क्षणी ठरतो आणि चेंडूचा पुढचा स्पर्श होईपर्यंत तसाच राहतो; रग्बीत तो धावून धुऊन काढता येतो. फुटबॉलच्या प्रेक्षकाला हे पचवणे सर्वांत जड जाते.

दुसरा भाग आहे तो झोंबाझोंबीच्या जागांचा. स्क्रम (दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्या एकमेकींना भिडून ढकलतात ती), रक (जमिनीवरच्या चेंडूवरची उभ्याने झटापट), मॉल (चेंडू धरलेल्या खेळाडूभोवतीची झुंड), लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून आत आणणे), प्रत्येकाला स्वतःची ऑफसाइड रेषा असते आणि ती दोन्ही संघांना लागू होते. रकमध्ये ती त्या गर्दीतल्या आपल्या सर्वांत मागच्या खेळाडूच्या मागच्या पायातून जाते. स्क्रममध्ये सामील नसलेल्यांनी, दोन्ही संघांचे स्क्रमहाफ (या गर्दीतून चेंडू उचलून बाहेर देणारे खेळाडू) वगळता, मागच्या पायापासून पाच मीटर मागे राहायचे. लाइनआउटला दहा मीटर. मैदानावर यांतली एकही रेषा आखलेली नसते. गर्दी सरकली की रेषा सरकते आणि गर्दी मोडली की रेषा नाहीशी होते.

ही रेषा कुठून जन्माला येते, हे २६ फेब्रुवारी २०१७ रोजी ट्विकनहॅमच्या मैदानावर सगळ्यांनी पाहिले. इटलीने ठरवून टॅकलनंतर, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून खाली पाडल्यावर, रकमध्ये एकही खेळाडू घातला नाही. त्या वेळच्या नियमानुसार दोन्ही बाजूंचा किमान एकेक खेळाडू पायांवर उभा राहून चेंडूवर एकमेकांना भिडल्याशिवाय रक होत नसे, आणि रक नाही तर ऑफसाइड रेषाही नाही. इटलीचे खेळाडू बिनदिक्कत इंग्लंडच्या बाजूला जाऊन स्क्रमहाफ आणि त्याच्या पासच्या मध्ये उभे राहू लागले. इंग्लंडची इतकी भंबेरी उडाली की जेम्स हॅस्कलने रक घडवण्यासाठी काय करावे, असे थेट पंच रोमँ प्वात यांनाच विचारले, आणि आपण पंच आहोत, प्रशिक्षक नाही, असे उत्तर त्याला मिळाले. मध्यंतराला इटली १०-५ ने पुढे होती. शेवटी इंग्लंडने सामना ३६-१५ असा जिंकला, पण नियमकर्ते जागे झाले. त्यानंतर टॅकलच्या जागी एक जरी खेळाडू पायांवर उभा राहून चेंडूवर आला, तरी ऑफसाइड रेषा निर्माण होते, असा बदल करण्यात आला.

कायद्यातल्या पळवाटेचा याहूनही कंटाळवाणा वापर अलीकडचा आहे. लाथ मारलेला चेंडू पकडून प्रतिस्पर्धी पाच मीटर धावला किंवा त्याने पास दिला की पुढचे ऑफसाइड खेळाडू आपोआप सुटत. म्हणून पकडणारा जागचा हलेच ना. तोही उलट लाथ मारी आणि मधले वीसेक खेळाडू माना वर करून चेंडूची ये-जा पाहत उभे राहत. लोकांनी या पळवाटेला फ्रान्सच्या आंत्वान द्यूपाँचे नाव दिले होते. जुलै २०२४ पासून ती बंद झाली. आता मागे हटण्याचा प्रयत्न करावाच लागतो.


निळी रेषा

स्क्रमहाफ यांचा प्रतिसाद वाचून आमचा खेळ किती सरळ आहे, याची खात्री पटली. आइस हॉकीत आक्रमण क्षेत्राची सुरुवात करणारी निळी रेषा बर्फावर आखलेली असते. चकती ती रेषा पूर्ण ओलांडण्याआधी आक्रमक संघाच्या खेळाडूचे दोन्ही स्केट पलीकडे गेले, तर ऑफसाइड. पलीकडे प्रतिस्पर्धी किती आहेत आणि कुठे आहेत, याच्याशी काही देणेघेणे नाही. चकती एकदा आत गेली की गोलरक्षकाच्या नाकासमोर उभे राहायलाही हरकत नाही.

हा नियम कसा आला ते मनोरंजक आहे. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल स्पर्धेत १९२९-३० च्या हंगामात आक्रमण क्षेत्रातही पुढच्या दिशेने पास देण्याची मुभा मिळाली, आणि संघांनी लगेच एकेक खेळाडू गोलसमोर कायमचा उभा करून ठेवला. गोलांचा अक्षरशः पाऊस पडू लागला. हंगाम अर्ध्यावर येण्याआधीच, डिसेंबर १९२९ मध्ये, चकतीच्या आधी कुणीही आत जायचे नाही, असा नियम करावा लागला. ऑफसाइड नसेल तर काय होते, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसऱ्या कोणत्याही खेळात सापडणार नाही.

रेषा आखलेली असली तरी वाद उरतातच. स्केट रेषेच्या वर हवेत असेल तर? २०२० पर्यंत एनएचएलमध्ये ते बर्फाला टेकलेले असणे आवश्यक होते, त्यामुळे चित्रफितीत बोटभर उचललेला पाय शोधून गोल रद्द केले जात. २०२०-२१ च्या हंगामापासून रेषेवरच्या हवेतली उभी पातळी गृहीत धरली जाते आणि ते वाद बरेच कमी झाले. मुळात चित्रफीत पाहण्याची मागणी ज्या प्रसंगानंतर जोर धरू लागली, तो २०१३ मधला मॅट डूशेनचा गोल होता. तो निळ्या रेषेच्या इतका आत होता की नॅशव्हिलचे बचावपटू शिट्टीची वाट पाहत थांबले. शिट्टी वाजलीच नाही आणि त्याने निवांतपणे गोल केला. २०१५-१६ पासून प्रशिक्षकाला अशा गोलाला आव्हान देता येते. आव्हान फसले तर दोन मिनिटे एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते, त्यामुळे उठसूट कुणी मागणी करत नाही. ही तरतूद फुटबॉलनेही उचलावी, असे मला मनापासून वाटते.


डावा बचाव

सगळे ठीक आहे, पण मुळावरच घाव घालतो. मैदानी हॉकीने १९९६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि १९९८ मध्ये कायमचा ऑफसाइड नियम काढून टाकला. खेळ बुडाला का? उलट मोकळा झाला. बचावफळीला मागे राहणे भाग पडले, मधल्या भागात जागा झाली, शिट्ट्या कमी झाल्या. मग फुटबॉलने हा डोलारा कशासाठी सांभाळायचा? फुटसाल आणि बीच सॉकरमध्ये तरी तो कुठे आहे?


सीमारेषा (धागाकर्ता)

डावा बचाव यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण हॉकीजवळ एक गोष्ट होती, जी फुटबॉलजवळ नाही. हॉकीत गोल करायचा तर चेंडू गोलभोवतीच्या अर्धवर्तुळाच्या आत आक्रमकाच्या स्टिकला लागावाच लागतो, आणि त्या वर्तुळाची त्रिज्या आहे १४.६३ मीटर. शिवाय उंच उचललेल्या चेंडूवर धोक्याच्या खेळाचे बंधन आहे, आणि डोक्याने चेंडू मारण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे गोलसमोर कुणाला कायमचे उभे केले, तरी त्याच्यापर्यंत चेंडू बहुतेक वेळा जमिनीवरून, बचावपटूंच्या स्टिक चुकवतच न्यावा लागतो. फुटबॉलमध्ये गोलरक्षक एका लाथेत चेंडू समोरच्या पेनल्टी क्षेत्रात पाठवू शकतो. ऑफसाइड गेला तर सर्वांत उंच दोन माणसे तिथे आणि त्यांना अडवणारी तितकीच उंच माणसे तिथे, असा खेळ होईल. फुटसालचे मैदान आणि संघ दोन्ही लहान आहेत. तिथे पुढे एक माणूस बसवून ठेवणे हीच चैन ठरते.

बास्केटबॉलचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. त्याने ऑफसाइड रेषा आखलीच नाही. प्रतिस्पर्ध्याच्या टोपलीखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात आक्रमकाने सलग तीन सेकंदांहून अधिक थांबायचे नाही, एवढेच सांगितले. जॉर्ज मायकनसारखा उंचापुरा खेळाडू आल्यावर १९५१ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत त्या पट्ट्याची रुंदी ६ फुटांवरून १२ फूट करावी लागली. दुखणे तेच, औषध जागेऐवजी वेळेचे.

फुटबॉलमध्येही मधला मार्ग चाचपून झाला आहे. उत्तर अमेरिकेच्या एनएएसएल स्पर्धेत १९७३ पासून गोलरेषेपासून ३५ यार्डांवर एक रेषा आखली होती आणि तिच्या पुढेच ऑफसाइड लागू होत असे. निळ्या रेषेची ही सरळ उसनवारी होती. मधला भाग त्यामुळे खरोखर पसरला. पण फिफाच्या विरोधापुढे ती रेषा पुसावी लागली.


डावा बचाव

वर्तुळाचा मुद्दा मान्य. तरीही ३५ यार्डांची रेषा पुसली जायला नको होती, हे माझे मत कायम आहे.


पाच यार्ड

अमेरिकन फुटबॉलविषयी थोडक्यात. इथे ऑफसाइडचा गोलजवळ थांबण्याशी काही संबंध नाही. दोन्ही संघ चेंडूच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे असतात आणि मध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी पट्टी असते. चेंडू मागे दिला जाण्याच्या क्षणी, म्हणजे स्नॅपला, बचाव करणाऱ्याचा हात, डोके, काहीही त्या पट्टीत आढळले की पाच यार्डांचा दंड. स्नॅप झाला की पुढे कुठेही धावा.

गंमत पुढे आहे. बहुधा अशा वेळी शिट्टी वाजत नाही, पिवळा रुमाल पडतो आणि खेळ चालू राहतो. दंड स्वीकारायचा की घडलेला परिणाम, हे आक्रमक संघ ठरवतो. त्यामुळे रुमाल दिसताच चलाख क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, बिनधास्त लांब फेक करतो. जमली तर उत्तम, फसली तर दंड आहेच. अॅरन रॉजर्सने या युक्तीची कलाच केली होती. उलट बाजूने पाहायचे तर जानेवारी २०१९ मध्ये कॅन्सस सिटीने सामना संपायला मिनिटभर उरला असताना न्यू इंग्लंडचा चेंडू अडवून पकडला होता, सामना जवळजवळ खिशात होता; पण त्यांचाच डी फोर्ड स्नॅपच्या वेळी पट्टीत होता, चेंडू परत गेला आणि न्यू इंग्लंडने जादा वेळेत ३७-३१ असा विजय मिळवला.


प्रश्नचिन्ह

आता यंत्रांविषयी कुणीतरी लिहावे. खांद्याच्या टोकावरून गोल रद्द होतो, हे नियमाच्या हेतूला धरून आहे का?


शिट्टी

आधी मोजणीचे बोलू. हात आणि दंड ऑफसाइडसाठी मोजले जात नाहीत, गोलरक्षकाचेही नाहीत. दंडाची वरची हद्द काखेच्या खालच्या बिंदूशी धरतात. त्यामुळे खांद्याचे टोक मोजले जाते, कारण त्याने गोल करता येतो.

साध्या चित्रणात सेकंदाला ५० चित्रे असतील, तर सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणारा खेळाडू दोन चित्रांच्या मध्ये १६ सेंटीमीटर पुढे सरकतो. बचावपटू उलट दिशेने धावत असेल तर हे अंतर आणखी वाढते. पायाचा चेंडूला पहिला स्पर्श नेमका कोणत्या चित्रात झाला, हे माणसाने डोळ्यांनी ठरवायचे आणि मग बोटभर फरकाने गोल रद्द करायचा, यात खरोखर ढोंग होते. २०२२ च्या कतार विश्वचषकात छताखाली बसवलेले १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूतला संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. त्यामुळे निदान स्पर्शाचा क्षण तरी पक्का झाला. पहिल्याच सामन्यात इक्वेडोरच्या एनर व्हॅलेन्सियाचा तिसऱ्या मिनिटातला गोल या यंत्रणेने रद्द करवला, आणि सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला हरवले त्या सामन्याच्या पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे गेले. सौदी बचावफळी किती धाडसाने पुढे उभी होती, हे त्या आकड्यावरून कळते. यंत्राचा धाक नसता, तर एवढ्या बारीक फरकावर भरवसा ठेवून इतके पुढे उभे राहण्याची हिंमत एखाद्या प्रशिक्षकाने केली असती का, याविषयी मला शंका आहे.

हेतूचा प्रश्न वेगळा. आर्सेनलचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी सुचवले आहे की, आक्रमकाच्या शरीराचा गोल करण्याजोगा कोणताही भाग बचावपटूच्या बरोबरीने असेल, तर तो निर्दोष धरावा. म्हणजे दोघांच्या मध्ये मोकळी जागा दिसली तरच ऑफसाइड. ही सूचना आकर्षक आहे, पण तिने मोजणी संपत नाही, फक्त रेषा शरीराच्या पुढच्या टोकावरून मागच्या टोकावर जाते. आज खांद्यावरून भांडतो, उद्या टाचेवरून भांडू. शिवाय आक्रमकाला जवळजवळ एक पाऊल जादा मिळाले तर बचावफळ्या पुढे उभ्या राहणे सोडून पेनल्टी क्षेत्रात जाऊन बसतील, अशी मला भीती वाटते.


सीमारेषा (धागाकर्ता)

बसतील खऱ्या. पण काही महिने खेळून पाहिल्याशिवाय ते कळणार नाही. १९२५ मध्येही बचावाने उतारा शोधलाच होता.


प्रश्नचिन्ह

शेवटची शंका. लॅक्रॉसचा एक सामना पाहत होतो. सगळे खेळाडू चेंडूच्या मागे होते, समोर बचावपटूही भरपूर होते, तरी ऑफसाइड दिला. का?


निळी रेषा

कारण पुरुषांच्या मैदानी लॅक्रॉसमध्ये माणसे मोजतात, जागा नाही. दहा जणांच्या संघातले सहापेक्षा अधिक खेळाडू आक्रमणाच्या अर्ध्यात नसावेत आणि गोलरक्षक धरून सातपेक्षा अधिक बचावाच्या अर्ध्यात नसावेत. बचावातला खेळाडू चेंडू घेऊन मध्यरेषेपलीकडे धावत सुटला, तर मधल्या फळीतल्या कुणीतरी मागे थांबायचे असते. तो हात वर करून आपण थांबलो असल्याचे ओरडून सांगतो. आपण पाहिलेल्या सामन्यात बहुधा तोच विसरला असावा. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलनेही २०२५ मध्ये याच जातीचा नियम आणला आहे : प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू दोन्ही अर्ध्यांत असलेच पाहिजेत.

नेटबॉल पाहणार असाल तर आधीच सांगून ठेवतो. तिथे प्रत्येक खेळाडूच्या अंगावर तिच्या जागेची अक्षरे असतात आणि त्या जागेला मैदानाचे ठरावीक भागच मोकळे असतात. मध्यभागी खेळणारी खेळाडू दोन्ही गोलवर्तुळे सोडून सगळीकडे जाऊ शकते, गोलरक्षक मात्र आपला तिसरा हिस्सा ओलांडू शकत नाही. चुकीच्या भागात पाय पडला की ऑफसाइड, चेंडू कुठेही असो. त्यामुळे पंच एखादीच्या पायांकडे पाहत असल्याचे दिसले, तर आधी तिच्या अंगावरची अक्षरे वाचा.